चेतापेशींतील सूक्ष्म तंतू नेमके काय करतात?

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असे आहेत. चेतापेशींच्या आत अतिशय बारीक नळ्या आणि तंतू असतात व माणसाची स्मृती, किंबहुना त्याची जाणीवच त्या नळ्यांत वसलेली असते, असे आपण एका व्याख्यानात ऐकले. त्यात तथ्य किती? आपल्या वडिलांना अल्झायमरचा आजार असल्याचे निदान झाले आणि ‘पेशींतील तंतूंचा गुंता’ हे त्याचे कारण सांगण्यात आले. तो गुंता सुटतो का, आणि त्यासाठी दुकानांत मिळणारी ‘ब्रेन टॉनिक’ उपयोगी पडतात का? शिवाय आपल्या थोरल्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी चालू असताना पायांना मुंग्या येऊ लागल्या, त्याचाही संबंध याच तंतूंशी जोडला गेला. हे दोन्ही आजार खरोखर एकमेकांशी निगडित आहेत का? मी कोल्हापुरात मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करतो, त्यामुळे या तंतूंकडे मी प्रामुख्याने रुग्णाच्या बाजूने पाहतो. बहिणीच्या तक्रारीचा संबंध याच तंतूंशी आहे. जाणिवेविषयी आपण जे ऐकले ते आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावर टिकत नाही. वडिलांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्याजोगे नाही, आणि ते नीट समजावे म्हणून आधी पेशीची रचना पाहावी लागेल.

चेतापेशीत तीन प्रकारचे तंतू असतात. सर्वांत जाड त्या सूक्ष्मनलिका. त्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाइतका असतो. ट्युब्युलिन या प्रथिनाचे अल्फा व बीटा असे दोन भाग जोडीने येतात. सुमारे ८ नॅनोमीटर लांबीच्या या जोड्या एकापुढे एक लागून ओळ तयार होते, आणि अशा बहुधा १३ ओळी कडेला कड लावून उभ्या राहिल्या की पोकळ नळी बनते. दुसरा प्रकार न्यूरोफिलामेंटचा. हे तंतू सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे व भरीव असतात. अक्षतंतूची, म्हणजे पेशीच्या लांब शेपटीची, जाडी मुख्यतः त्यांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि अक्षतंतू जितका जाड तितका संदेश वेगाने जातो. तिसरा आणि सर्वांत बारीक प्रकार ॲक्टिनचा. त्याची जाडी ७ नॅनोमीटरच्या आसपास असते, पेशीच्या आवरणालगत त्याचे जाळे असते, आणि वृक्षिकांवरील, म्हणजे पेशीच्या फांद्यांवरील, ज्या बारीक काट्यांवर दुसऱ्या पेशीचा संदेश येऊन पोहोचतो, त्या काट्यांना आकार देण्याचे काम तोच करतो. २०१३ मध्ये नव्या पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकातून असे दिसले की अक्षतंतूच्या आवरणाखाली ॲक्टिनची कडी साधारण १९० नॅनोमीटरच्या नेमक्या अंतराने एकामागून एक बसविलेली असतात.

हे तंतू आहेत याची कुणकुण फार जुनी आहे. चांदीच्या क्षारांनी मेंदूचा काप रंगवला की पेशींच्या आत काळसर दोरे दिसत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोरे पेशीपेशींतून अखंड जातात व संदेशही तेच वाहतात, असे मानणारा एक मोठा पक्ष होता. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी चांदीचीच सुधारलेली पद्धत वापरून तो पक्ष खोडून काढला. पेशी स्वतंत्र आहेत आणि दोरे पेशीच्या हद्दीत संपतात, हे त्यांचे म्हणणे. १९०६ चे नोबेल पारितोषिक त्यांना इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांच्याबरोबर विभागून मिळाले, तेव्हा गोल्जींनी आपल्या व्याख्यानात त्याच सिद्धान्तावर टीका केली. संदेश पेशीच्या आवरणावरून आयनांच्या हालचालीने जातो, आतल्या दोऱ्यांतून नव्हे, हे पुढे निर्विवाद ठरले. सूक्ष्मनलिका मात्र बराच काळ नजरेतून निसटत राहिल्या, कारण त्या थंडीत विघटित होतात आणि त्या वेळी ऊती थंड ठेवूनच तपासणीसाठी तयार केली जाई. १९६३ मध्ये ग्लुटराल्डिहाइड हे ऊती टिकवणारे रसायन वापरात आले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्या सर्वत्र दिसू लागल्या. सर्वत्र म्हणजे केवळ मेंदूत नव्हे, तर यकृतात, त्वचेत आणि झाडांच्या पेशींतसुद्धा. हा मुद्दा पुढे जाणिवेच्या चर्चेत लागणार आहे.

चेतापेशीला या नळ्यांची गरज इतर पेशींपेक्षा कितीतरी अधिक का, हे प्रमाण समजल्याशिवाय कळत नाही. पाठीच्या कण्यातील ज्या पेशी पायाचे स्नायू हलवतात, त्यांचे शरीर मिलिमीटरच्या पंधराव्या भागाएवढे आणि अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. हे सर्व पन्नास हजार पट मोठे केले तर पेशीचे शरीर कोल्हापुरातील साडेतीन मीटरच्या एका खोलीएवढे होईल, तिच्यातून निघालेला अर्धा मीटर रुंदीचा बोळ थेट सांगलीला पोहोचेल, आणि त्या बोळातील सूक्ष्मनलिका जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या तारा असतील. प्रथिने तयार होण्याचे काम मुख्यतः खोलीत होते, आणि सांगलीच्या टोकाला लागणारा बहुतेक माल तेथूनच पाठवावा लागतो. कोणतीही एक तार सबंध अंतर जात नाही; तुकडे एकमेकांशेजारी थोडे पुढेमागे ठेवलेले असतात आणि माल एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जातो.

ही वाहतूक नळीच्या पोकळीतून होत नाही, नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून होते. किनेसिन नावाचे प्रथिन १९८५ मध्ये माकूल या सागरी प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर काम करताना सापडले. ते नळीवर ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत जाते आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करते. अक्षतंतूतील सर्व नळ्यांची वाढती टोके पेशीच्या शरीरापासून दूर असतात, त्यामुळे किनेसिन घराकडून टोकाकडे जाते, तर डायनीन हे दुसरे प्रथिन टोकाकडून घराकडे परत येते. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत असतो, म्हणजे कण्यापासून पायापर्यंत पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात. न्यूरोफिलामेंटसारखा माल मात्र सतत थांबत-थांबत दिवसाला फार तर एक मिलिमीटर सरकतो, आणि एक मीटर जाण्यास त्याला तीन वर्षे लागू शकतात. परतीच्या याच मार्गाचा फायदा रेबीजचा विषाणू घेतो. चाव्याच्या जागेच्या स्नायूंतून तो नसेत शिरतो आणि उलट दिशेने कण्याकडे व मेंदूकडे जातो. म्हणून तोंडावरचा किंवा मानेवरचा चावा पायावरच्या चाव्यापेक्षा अधिक घातक धरला जातो. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुणे आणि लस त्याच दिवशी सुरू करणे याला एवढे महत्त्व का, हे यावरून लक्षात यावे. विषाणू एकदा नसेत शिरला की त्याला वाटेत गाठण्याचे साधन आमच्याकडे नाही.

आमच्या भागात हा वेग डोळ्यांनी पाहायला मिळतो तो ऊसतोडीच्या हंगामात. कोयता निसटून मनगटाच्या वर किंवा कोपराजवळ लागतो, नस तुटते, शल्यचिकित्सक ती सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, आणि पंधरा दिवसांनी टाके निघाल्यावर रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, नस जोडली म्हणता, मग बोटं का हलत नाहीत?’ जोडलेली असते ती नसेची वेष्टने. आतील अक्षतंतूंचा तुटलेल्या जागेच्या पुढचा भाग काही दिवसांत नष्ट होतो आणि वरच्या टोकापासून नव्याने उगवू लागतो. हा उगवण्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो, आणि हा आकडा तंतूंच्या प्रथिनांच्या मंद वाहतुकीच्या वेगाशी जवळजवळ जुळतो. आम्ही नसेच्या मार्गावर बोटाने हलकेच टिचकी मारत खाली येतो. जेथे नवी टोके पोहोचली असतील तेथे रुग्णाला करंट बसल्यासारखे वाटते. त्या जागी पेनाने खूण करून तारीख लिहायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहायचे. खूण अडीच-तीन सेंटिमीटर खाली सरकली असेल तर वाढ चालू आहे. कोपरापासून हाताच्या पंज्यापर्यंत तीस सेंटिमीटर धरले तर दहा महिने होतात, आणि तोवर स्नायू सुकू नये, बोटे आखडू नयेत म्हणून रोज व्यायाम करावा लागतो. हिशेब सांगितला की माणूस धीर धरतो. नुसते ‘वेळ लागेल’ म्हटले की तो तिसऱ्या महिन्यात येणे बंद करतो. मेंदू व कण्याच्या आत मात्र अशी पुनर्वाढ जवळजवळ होत नाही.

आता अपघाताकडे वळतो, कारण मेंदूतील तंतूंचे महत्त्व जेथे सर्वांत क्रूरपणे कळते ती जागा हीच. हेल्मेटशिवाय दुचाकी चालविणारा तरुण महामार्गावर पडतो, बेशुद्ध अवस्थेत आणला जातो, सीटी स्कॅनमध्ये मोठा रक्तस्राव दिसत नाही, हाड मोडलेले नसते, आणि नातेवाईक विचारतात की स्कॅन नॉर्मल आहे तर हा शुद्धीवर का येत नाही. वेगाने फिरलेले डोके अचानक थांबते तेव्हा मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागातील लांब अक्षतंतू क्षणार्धात ताणले जातात. सावकाश ताण अक्षतंतू सहज सोसतो, नाहीतर कोपर वाकवताना रोजच नस तुटली असती. झटक्याच्या ताणात मात्र सूक्ष्मनलिका लवचीकपणा दाखवू शकत नाहीत आणि जागोजाग मोडतात. अक्षतंतू त्या क्षणी सहसा तुटत नाही. मोडलेल्या नळ्यांपाशी वाहतूक अडते, माल साचून तेथे फुगवटे येतात, आवरणातून कॅल्शियम आत शिरून नुकसान वाढवते, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी अक्षतंतू त्या फुगवट्यापाशी विलग होतो. सीटीला हे काहीच दिसत नाही. एमआरआयच्या विशेष छायाचित्रांत बारीक रक्तस्रावांचे ठिपके दिसले तर अंदाज बांधता येतो. अशा रुग्णाच्या बाबतीत ‘स्कॅन चांगला आहे’ हे वाक्य नातेवाइकांना चुकीची आशा लावते असे माझे मत आहे, आणि मी ते टाळतो.

कोल्हापुरात हा विषय निघाला की तालमींतील वस्तादही विचारतात, म्हणून ओघात लिहितो. डोक्यावर वारंवार ठोसे बसलेल्या मुष्टियोद्ध्यांत उशिरा येणारा बुद्धिऱ्हास १९२८ मध्ये वर्णिला गेला आणि पुढे त्यांच्या मेंदूंत पेशींतील तंतूंचे गुंते सापडले. कुस्तीत ठोसे नसतात, तेव्हा ते निष्कर्ष पैलवानांना जसेच्या तसे लावू नयेत. परंतु डोक्यावर आपटून चक्कर आली, काही क्षणांचे विस्मरण झाले, तर त्या दिवशी आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत पुन्हा मातीत उतरू नये, एवढे निश्चित.

बहिणीच्या मुंग्यांचे उत्तर सूक्ष्मनलिकांच्या एका विलक्षण गुणात आहे. या नळ्या एकदा बांधून झाल्या की तशाच राहतात असे नाही. एका टोकाने वाढता-वाढता त्या अचानक ढासळतात आणि पुन्हा वाढू लागतात. टिमथी मिचिसन व मार्क किर्शनर यांनी हे १९८४ मध्ये दाखवले. पेशी विभागताना गुणसूत्रे वेगळी ओढण्याचे काम याच नळ्या करतात, त्यामुळे हा खेळ बिघडवला की कर्करोगाची पेशी विभागू शकत नाही. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे विन्क्रिस्टिन नळ्या बनूच देत नाही. बहिणीला बहुधा दिले गेलेले पॅक्लिटॅक्सेल, जे मूळ अमेरिकेतील एका सूचिपर्णी वृक्षाच्या सालीत सापडले, अगदी उलट वागते: नळ्यांना इतके पक्के करते की त्या ढासळूच शकत नाहीत. एक औषध बांधकाम थांबवते, दुसरे ते गोठवते, आणि नसांवरचा परिणाम मात्र दोन्हींचा जवळपास सारखाच, कारण वाहतुकीला ना मोडलेली नळी चालते ना गोठलेली. सर्वांत लांब अक्षतंतू सर्वांत आधी उपाशी पडतात, म्हणून मुंग्या पायाच्या बोटांतून सुरू होऊन वर चढतात आणि मग हाताच्या बोटांत येतात. तपासताना मी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) ठेवतो. रुग्ण डोळे मिटून सांगते की काही जाणवत नाही, तोच चिमटा घोट्यावर ठेवला की म्हणते, ‘आता झिणझिण लागतंय’. पायातून चप्पल निसटून मागे राहिली तरी कळले नाही, ही तक्रार तर नेहमीची.

बहिणीला सांगावे की मुंग्या, बधिरपणा, शर्टाची बटणे लावताना होणारी अडचण हे सर्व पुढच्या केमोथेरपीपूर्वी कर्करोगतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावे. मात्रा कमी करायची, अंतर वाढवायचे की औषध बदलायचे हा निर्णय त्यांचा, आणि तो वेळेवर झाला तर पुष्कळ नुकसान टळते. उपचार संपल्यावर बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत कमी होतो, काहींचा काही अंशी राहतो. तोवर अनवाणी चालू नये आणि पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी वापरू नये, कारण भाजल्याचे कळत नाही. ही औषधे रक्तातून मेंदूत फारशी शिरत नाहीत, म्हणून मेंदूतील नळ्या बचावतात; विन्क्रिस्टिन चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात दिले गेले तर ते प्राणघातक ठरते, यावरून मेंदूलाही या नळ्यांची गरज किती आहे हे समजते.

याच गटातले आणखी एक द्रव्य आपल्या डोंगरांत उगवते. पावसाळ्यात पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या बाजूला कुंपणांवर लालपिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुलते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते, जे ट्युब्युलिनला चिकटून नळ्या बनू देत नाही. गाऊट या सांधेदुखीच्या आजाराच्या रुग्णांना हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत गोळीच्या रूपात दिले जाते. कंद पोटात गेला तर आधी जोराच्या उलट्या-जुलाब, मग रक्तपेशींची घट, केस गळणे, आणि काहींना हातापायांत अशक्तपणा व बधिरपणा येतो. मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाने गाऊटची गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवली तरीही स्नायू व नसा दुखावू शकतात. झाडपाल्याचे औषध म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला याहून समर्पक उत्तर मला माहीत नाही.

आता वडिलांचा प्रश्न. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे आलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या ५५ व्या वर्षी निवर्तलेल्या स्त्रीच्या मेंदूचे वर्णन सादर केले. चांदीने रंगवलेल्या कापांत पेशींबाहेर गोळ्यासारखे साके दिसत होते आणि पेशींच्या आत जाड, गुंतलेले तंतू. तो काप आजही तसाच दिसतो: तपकिरी पार्श्वभूमीवर त्रिकोणी पेशी, आणि तिच्या आत ज्योतीच्या आकाराचा काळा झुबका, ज्याने केंद्रक एका बाजूला ढकललेले असते. काही ठिकाणी पेशी केव्हाच मरून गेलेली असते, फक्त झुबका उरलेला असतो. १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले की हे तंतू सूक्ष्मनलिका नव्हेत आणि न्यूरोफिलामेंटही नव्हेत. एकमेकांना पीळ दिलेल्या दोन पट्ट्यांसारखी त्यांची ठेवण आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असल्याचे ठरले, आणि २०१७ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या तंतूंची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली.

टाऊ हे मूळचे दुष्ट प्रथिन नाही. १९७५ मध्ये ते सूक्ष्मनलिकांच्या बांधणीला मदत करणारे प्रथिन म्हणूनच सापडले. ते नळीवर चिकटते आणि सुटते. त्यावर फॉस्फेटचे गट अधिक चढले की सुटलेले राहते. अल्झायमरमध्ये फार जास्त फॉस्फेट चढलेला टाऊ नळ्यांवरून सुटतो, एकमेकांना चिकटतो आणि त्याचे न विरघळणारे तंतू बनतात. ‘टाऊ निघाला, नळ्या कोसळल्या, पेशी मेली’ अशी सरळ साखळी पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते; मला ती पुरेशी वाटत नाही, कारण टाऊ अजिबात नसलेले उंदीर जन्मतात, जगतात आणि त्यांच्या नळ्याही बऱ्यापैकी शाबूत असतात. टाऊ कमी पडण्यापेक्षा चुकीच्या घडीचा टाऊ साचणे आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरणे अधिक घातक असावे, याकडे आजचा पुरावा झुकतो. शीतनिद्रा घेणाऱ्या खारींत तर निद्रेच्या काळात टाऊवर फॉस्फेट चढते आणि जाग आल्यावर उतरतेही. म्हणजे सुरुवातीची पायरी उलटवता येण्याजोगी असते. पक्के तंतू बनल्यावर मात्र माणसात तो गुंता सोडवणारे सिद्ध औषध आज नाही, आणि टाऊविरुद्धच्या अनेक प्रतिपिंड-औषधांच्या चाचण्या अपयशी ठरल्या आहेत.

गुंत्यांचा प्रवासही ठरावीक असतो. जर्मनीतील हायको व एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये त्याचे सहा टप्पे मांडले: आधी कानशिलाच्या आतील बाजूचा, स्मृतिकेंद्राकडे जाणारा पट्टा, मग स्मृतिकेंद्र, आणि शेवटी मेंदूचा बाहेरचा थर. वडील पंचवीस वर्षांपूर्वीच्या शेताच्या मोजणीचा तपशील सांगतात आणि सकाळी नाश्ता केला की नाही हे विसरतात, त्याचे कारण या क्रमात आहे. बुद्धीचा ऱ्हास किती, हे साक्यांच्या संख्येपेक्षा गुंत्यांच्या पसरण्याशी अधिक जुळते. मात्र उतारवयात पहिल्या टप्प्याचे गुंते पुष्कळ निरोगी माणसांतही सापडतात, म्हणून गुंता म्हणजेच आजार असे समीकरण करू नये. साध्या एमआरआयला गुंते दिसत नाहीत. त्यात दिसते ते स्मृतिकेंद्राचे आकसणे. टाऊ दाखवणारे पेट स्कॅन आणि रक्तातील विशिष्ट टाऊची तपासणी आता उपलब्ध होत आहे, पण वडिलांचे निदान झालेले असताना त्यामागे धावण्याने त्यांचा उपचार बदलेल असे मला वाटत नाही. रक्तातील न्यूरोफिलामेंटची पातळी ही आणखी एक उपयुक्त खूण आहे, कारण अक्षतंतू मोडले की त्यांचे तुकडे रक्तात येतात. २०२३ मध्ये स्नायू सुकवणाऱ्या एएलएस या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारासाठी टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मिळालेली मान्यता याच पातळीच्या घटीवर आधारलेली होती. परंतु ही पातळी वयानेही वाढते आणि कोणत्या आजाराने वाढली हे ती सांगत नाही.

मेंदू घडतानाही हे तंतू लागतात, एवढे येथे नोंदवतो. गर्भाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात चेतापेशी आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे सरकतात, आणि सरकताना केंद्रक ओढून नेण्याचे काम सूक्ष्मनलिका व डायनीन करतात. त्यांच्याशी निगडित जनुकांत दोष असल्यास मेंदूला वळ्या पडत नाहीत व तो गुळगुळीत राहतो; अशा मुलांना आकडी येते आणि वाढ खुंटते. आजही आईला ‘ग्रहण पाळले नाहीस’ म्हणून बोल लावला जातो. ग्रहणाचा येथे काहीही संबंध नाही, आणि यांपैकी पुष्कळ जनुकीय बदल आईवडिलांत नसतात, बाळातच नव्याने झालेले असतात.

राहिला जाणिवेचा प्रश्न. आपण जे ऐकले त्याचे मूळ भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या कल्पनेत आहे: सूक्ष्मनलिकांतील ट्युब्युलिनच्या पुंजस्थितींतून (क्वांटम अवस्थांतून) जाणीव उपजते, असे ते म्हणतात. पेनरोज यांना २०२० चे नोबेल मिळाले ते कृष्णविवरांवरील कामासाठी, या कल्पनेसाठी नव्हे. व्याख्यानांत हा फरक बहुधा गाळला जातो. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये गणिताने दाखवले की मेंदूच्या उष्ण व ओल्या वातावरणात अशी स्थिती सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी टिकेल, तर चेतापेशींचे व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालतात. हॅमरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गणिताला आक्षेप घेतले आहेत आणि वाद चालू आहे. माझी अडचण अधिक साधी आहे: त्याच नळ्या यकृताच्या पेशीतही असताना जाणीव मेंदूतच का, याचे उत्तर या कल्पनेतून मला मिळत नाही. स्मृतीबाबत पुरावा बराच स्पष्ट आहे. शिकताना पेशींमधील जोडण्यांची ताकद बदलते, आणि वृक्षिकांवरील काटे मोठे होतात किंवा नव्याने उगवतात. त्यात ॲक्टिनचा वाटा थेट आहे, आणि सूक्ष्मनलिकाही काट्यांत अधूनमधून शिरून माल पोहोचवतात. तंतूंतील बहुतेक प्रथिने काही दिवसांत वा आठवड्यांत बदलली जातात, तरी पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूस साठ वर्षांनीही पोहतो. तंतू मोडले तर स्मृती जाते, पण यावरून स्मृती तंतूंत साठवलेली होती असे सिद्ध होत नाही.

‘ब्रेन टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गोळीने टाऊचे गुंते कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. वडिलांसाठी ते पैसे खर्च करू नयेत. त्यांचे बी-१२ आणि थायरॉइड तपासले नसेल तर ते आधी तपासावे, कारण या दोन्ही कमतरतांनी विस्मरण वाढते आणि त्या भरून काढता येतात. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवावी, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, कारण त्यांतील काही गोळ्या गोंधळ वाढवतात. डोनेपेझिल हे अल्झायमरवरचे औषध सुरू केले असेल तर त्याने तंतूंवर काही परिणाम होत नाही. उरलेल्या पेशींतील संदेशवहन ते काही काळ सुधारते, आणि नाडी फार मंद होत नाही ना, हे अधूनमधून पाहावे लागते.

पुढच्या भेटीला येताना वडील घेत असलेली सर्व औषधे पाकिटांसह एका पिशवीत घालून आणा, आणि गेल्या सहा महिन्यांत कोणती कामे त्यांना जमेनाशी झाली, उदाहरणार्थ पैसे मोजणे, गॅस बंद करणे, घराची वाट ओळखणे, हे तारखांसह लिहून आणा.